तीन दिस चालवू नगा

तिप्पण्णाची बायको गोजाबाई कोरोनात गेली, त्याच साली होटगीजवळच्या वस्तीवरची शाळा बंद पडली. नात पूनम आजोबाच्या मेंढरांमागं जाऊ लागली, ती दोन वर्षं जातच राहिली. काळ्या ढेकळांतनं, उघड्या माळावर दोघंच. पोरगी दिवसभर बडबडायची, तिप्पण्णा नुसता "व्हय, व्हय" करायचा.

मग शाळा उघडली. बारा वर्षांपुढच्या पोरांना शाळेतच लस टोचून मगच वर्गात बसवायचं ठरलं. लस टोचायच्या दिवशी तिप्पण्णानं उजाडायच्या आत पूनमला कळपासंगं लांबच्या माळावर नेलं. गुरांचा डॉक्टर आला, की गाभण मेंढ्या मागल्या जाळीआड दडवायची त्याची जुनी खोड. सुईनं गाभ पडतो, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

दुपारी सून मायाक्का उन्हातनं तरातरा आली. मागनं शाळेच्या देवयानी बाई, स्कूटी बांधावर सोडून.

"मामा, कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं ऱ्हातं व्हय? नर्सबाई वाट बघून गेली की!"

"सुई टोचल्यावर माझी मेंढी तीन दिस उटली न्हाय."

"आवो, ती मेंढी! ही तुमची नात हाय."

"म्हनूनच की."

बाई धापा टाकत हसल्या. "आजोबा, बाकीचा कळप टोचून घेता ना दरसाल? कशापायी?"

"रोग आला तर समदाच कळप बसतो."

"मग?"

तिप्पण्णानं काठीनं एक ढेकूळ फोडलं. म्हणाला, "बाई, लस टोचली की ही शाळंत येनार. मग मी हितं कुनासंगं बोलू?"

मायाक्काचा आवाज उतरला. "मामा, आमाला कदी बोलला न्हाईसा."

"काय बोलायचं? तू चुलीम्होरं, मी माळावर."

"अज्जा, मी सांच्याला येऊन समदं सांगन की," पूनम म्हणाली.

"आन् दिसभर?"

पूनम त्याच्याजवळ सरकली. तिप्पण्णानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"उद्या टोचा. पन तीन दिस चालवू नगा तिला."

लस शेजारच्या गावात मिळाली. येताना त्यानं पूनमला ओळखीच्याच्या मोटारसायकलवर बसवलं, आपण चार मैल मागनं चालत आला. एक रात्र ताप आला, उतरला. सोमवारी पोरगी दप्तर घेऊन गेली.

पहिले काही दिवस ती चुलीपाशी बसून शाळेतलं सगळं सांगायची. मग अभ्यास वाढला, मैत्रिणी झाल्या, सांगणं दोन शब्दांवर आलं. तिप्पण्णा कुरकुरला नाही. भाकरी बांधून घ्यायचा आणि कळप हाकायचा.

दोन हजार तेवीसच्या संक्रांतीआधीच्या शुक्रवारी, भर दुपारी, तिप्पण्णा माळावर वारला. पूनम तेव्हा शाळेत होती.