वळणाआधीचे दगड

"कुणी हात लावू नका," फरशीवाला म्हणाला आणि मातीत गुडघे टेकून बसला.

मास्तरला नुकतेच खाली नेले होते. स्ट्रेचर उचलणाऱ्यांच्या बुटांचे ठसे वाटेवर ताजे होते. वळणाखालच्या झुडपात त्याची सायकल अजून अडकलेली होती. वारा आला की तिचे वरचे चाक थोडेसे फिरायचे आणि थांबायचे. फरशीवाल्याची नजर मात्र वळणाच्या वरच्या बाजूला होती. तिथे वाटेच्या मधोमध दगड असायला हवे होते. ते नव्हते.

त्या दगडांना सगळे दाढा म्हणत. म्हाताऱ्या डोंगराने जबडा उघडावा तसे ते जमिनीतून वर आलेले. सायकल त्यांच्यावर चढली की खडाखडा वाजायची, हँडल हातात नाचायचे, वेग आपोआप मरायचा. आणि लगेच खाली कोपर. दुमडलेल्या हातासारखे वळण, त्याच्या पलीकडे वाट नाही, नुसता खडक. सकाळी तिथे ऊन सरळ डोळ्यांत घुसते, पुढचे काही दिसत नाही. पण दिसायची गरज कुणाला होती? दाढा वाजल्या की ब्रेक. नव्याने आलेल्याला मास्तर पहिली गोष्ट हीच शिकवायचा.

दर रविवारची पहिली उतरण मास्तरचीच. वाट ठीक आहे का ते बघत तो एकटा खाली जायचा, बाकीचे अवजारे घेऊन मागून यायचे. आजही तो तसाच गेला. दाढा वाजायची वाट बघत गेला, आणि त्या वाजल्याच नाहीत.

"काका, हे पाण्यानं नाही झालं," वेल्डर म्हणाला. मास्तर, वेल्डर, फरशीवाला आणि त्याची कॉलेजातली लेक, डोंगरातली ही सायकलची वाट राखणारी माणसे एवढीच. "कुणीतरी उपटून काढल्यात. खड्डे बुजवलेत बघा. वरून हातसुद्धा फिरवलाय, शेणानं सारवल्यासारखा."

फरशीवाला कडेला सरकला. काढलेले दगड वाटेच्या कडेला गवतात होते. फेकलेले नव्हते, मांडलेले होते. सगळ्यांत मोठा आधी, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. पाळणाघराच्या दारात पोरांचे बूट असेच मांडलेले असतात. ते मांडणारे हात त्याला ठाऊक होते. त्या हातचा चहा पिऊनच तो सकाळी निघाला होता.

लेकीनेही ती रांग पाहिली. तिचा हात नकळत खांद्याकडे गेला. गेल्या वर्षी याच दाढांवर तिच्या खांद्याचे हाड मोडले होते.

"बाबा, हे..."

"सायकल काढ त्याची तिथून," तो म्हणाला. "चाक फिरतंय ते बघवत नाही."

ती खाली उतरली. वेल्डर दवाखान्यात फोन लावत होता. फरशीवाला उठला आणि त्याने बुटाने ती रांग विस्कटून टाकली.

या वाटेचा एकच कायदा होता आणि तो मास्तरने घातला होता. पाणी वळवायचे, पडलेली फांदी बाजूला करायची, वाहून गेलेली माती भरायची. डोंगराने ठेवलेला दगड मात्र हलवायचा नाही. जमत नसेल त्याने उतरावे, सायकल हातात धरून न्यावी, पुढच्या रविवारी पुन्हा यावे. "उतरून चालण्यात कसली आलीय लाज?" तो म्हणायचा. "वाटेला आपल्याएवढं लहान करायचं, ती लाज." ज्याने दगड काढला, त्याच्या हातात पुन्हा कुदळ द्यायची नाही, असेही ठरलेले होते. ती वेळ कधी आली नव्हती.

मास्तर तलावावर पोहायला शिकवायचा. बायको-पोरे नव्हती, मोठ्या बहिणीजवळ राहायचा. फरशीवाल्याची खोडी काढल्याशिवाय त्याचा रविवार उजाडायचा नाही. "आठवडाभर लोकांची घरं सपाट करतोस आणि इथे येऊन खडबडीत राखतोस. तुझ्या डोक्यात दोन बिऱ्हाडं आहेत रे फरश्या."

"एक भाडं देतं, एक फुकट राहतं," फरशीवाला म्हणायचा.

घरी आला तेव्हा बायको कापडाच्या पट्ट्या कापत बसली होती. तिच्या पाळणाघरातल्या टेबलांचे कोपरे ती अशा पट्ट्यांनी गुंडाळायची. दाराचा आवाज होताच तिने मान वर केली.

"पोर कुठाय?"

"धड आहे. मास्तरच्या ताईंबरोबर दवाखान्यात थांबलीय."

"आणि मास्तर?"

"कंबर मोडली. खालचं काही कळत नाहीये त्याला. डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका."

कात्री मांडीवर पडली. "आपल्या पोरीला पाण्यात उतरवलं ते त्यांनी," ती म्हणाली. "मी काठावर रडत होते, तर मलाच ओरडले. म्हणाले, वहिनी, तुम्ही घरी जा, ती बुडत नाहीये, तुम्ही बुडताय." ती हसली आणि त्याच हसण्यात रडली. "कुठे पडले हो?"

"कोपरावर. ऊन आलं डोळ्यांवर."

तिने नाक पुसले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही रागावाल, पण आज सांगून टाकते. ते वरचे दगड नव्हते म्हणून निदान जीव तरी वाचला. ते असते तर माणूसच हाती लागला नसता."

तो बूट काढता काढता थांबला.

"मी काढले ते. हा आठवडाभर पोरं निजली की त्यांच्याजवळ बाईला बसवून दुपारी जायची खुरपं घेऊन. नखं बघा माझी. तिचं हाड मोडलं ना, तेव्हापासून ते दगड माझ्या छातीवर बसले होते हो. तुम्ही दोघं रविवारी बाहेर पडलात की मी दार उघडं टाकून बसायची. आता काय बोलायचं ते बोला."

बोलायचे एकच वाक्य होते आणि ते त्याच्या जिभेवर तापल्या खिळ्यासारखे होते. दाढा असत्या तर मास्तर आज आपल्या पायांनी घरी गेला असता. त्याने तिच्या बोटांकडे पाहिले. नखांच्या कडेला अजून डोंगराची तांबडी माती होती. आईने लेकीच्या वाटेवरचा खडा वेचला. रानोरानी, दारोदारी आया दुसरे काय करत आल्या आहेत? परक्यांची तान्ही पोरे या हातांखाली निर्धास्त निजतात. हे एक वाक्य ऐकले की हा हात कुठल्याही पोराच्या अंगावर पुन्हा निवांत पडणार नाही. ती त्या वळणावर जाऊन बसेल आणि मरेपर्यंत उठणार नाही.

त्याने खिळा गिळला.

"कुणाजवळ बोललीस?"

"कुणाजवळ बोलू?"

"नको बोलू. वाट मी राखतो, लोक मला हसतील."

"रागावलातच ना."

"नाही गं. चहा टाक."

मास्तरला बोलता येऊ लागले तेव्हा फरशीवाला लेकीला घेऊन भेटायला गेला. खोलीत औषधांचा आणि उकळलेल्या कपड्यांचा वास होता. चादरीखाली मास्तरचे पाय कुणीतरी नीट जुळवून ठेवले होते, स्वतः माणूस कधी ठेवत नाही तसे.

"फरश्या," मास्तर छताकडे बघत म्हणाला, "दाढा वाजल्या नाहीत रे."

"हं."

"मी वाट बघत होतो. म्हटलं आता वाजतील, आता वाजतील. माझा हात ब्रेकवरच होता. नुसता सांगावा यायचा राहिला." त्याने ओठ ओले केले. "वेल्डर म्हणतो, काढल्यात. म्हणतो, पायथ्याच्या एकूण एक घरात जाऊन विचारतो, दुपारी तिथे कोण दिसलं होतं म्हणून. विचारू दे. पाय तर काही परत यायचे नाहीत. मला त्या माणसाचं तोंड बघायचंय."

खिडकीशी उभ्या असलेल्या लेकीने पडद्याची कड मुठीत धरली. पायथ्याच्या घरांतली पोरे पाळणाघरात यायची. खुरपे घेऊन जाणारी बाई तिथे सगळ्यांच्या ओळखीची होती.

"कुणाला विचारायला नको," फरशीवाला म्हणाला. "बघ माझं तोंड. मी काढल्या."

मास्तरने मान वळवली. तेवढीच त्याला वळवता येत होती.

"तू?"

"हिच्यासाठी. खांदा मोडल्यावर."

"बाबा!" लेक म्हणाली. बापाने तिच्याकडे पाहिले.

"मला विचारायचंस तरी."

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!" मास्तरने उठायचा प्रयत्न केला. अर्धे शरीर उठले, अर्ध्याने ऐकले नाही. तो पुन्हा उशीवर पडला आणि घाम पुसायला आलेल्या फरशीवाल्याचा हात त्याने झटकला. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्हटलं असतं, अडाणी आहे. तुला तर ठाऊक होतं रे त्या कशासाठी आहेत. कुदळ वेल्डरकडे दे. आणि मला भेटायला येत जाऊ नकोस."

बाहेर लांबलचक व्हरांड्यात लेकीने त्याला गाठले. "खोटं का बोललास?"

"मग खरं कुठे ठेवणार होतीस? आईच्या उशाशी?"

तिने त्याचा दंड धरला आणि दोघे गेटपर्यंत तसेच चालत गेले, म्हातारा आणि त्याला सांभाळून नेणारे कुणी असावे तसे.

वेल्डर कुदळ न्यायला आला तेव्हा उंबऱ्याच्या आत आला नाही. रविवार मोकळे झाले. फरशीवाला घरातच काहीबाही करत बसायचा. बायकोला त्यातही बरे वाटले. "सुटलात एकदाचे त्या डोंगरातून," ती म्हणाली. "वयही झालंच होतं." त्याने मान हलवली.

मग एका सकाळी मास्तरची बहीण दारात आली. चाकांच्या खुर्चीत मास्तर घरी यायचा होता आणि त्यांच्या दाराशी उंच पायऱ्या होत्या.

"उतार करून द्या, भाऊ. त्याला नाही सांगितलेलं मी. तो तुमचं नावही काढू देत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या हातचं काम मला नको. तो यायच्या आत उरका."

"मी येते मदतीला," बायको आतून म्हणाली. "पाणी तरी ओतेन."

पायऱ्यांवर विटा रचून, भर घालून, फरशीवाल्याने दारापासून फाटकापर्यंत उतार काढला. बायको वाळू चाळत होती, पाणी आणत होती, मधूनच त्याच्या कपाळावरचा घाम पुसत होती. शेवटचा हात फिरला तेव्हा ऊन कललेले होते. ती कडेला उकिडवी बसली आणि तिने ओल्या सिमेंटवरून, न टेकवता, तळवा फिरवला.

"आरसा झालाय हो अगदी. आता मास्तरांना कसला धक्का म्हणून बसायचा नाही."

फरशीवाल्याने लोखंडी पट्टी उचलली, गुडघ्यांखाली फळी घेतली आणि वरच्या टोकापासून उतारावर आडव्या खाचा ओढायला सुरुवात केली.

"अहो, हे काय? चांगलं गुळगुळीत केलेलं खरवडताय कशाला?"

"चाकाला धरायला काहीतरी हवं."

"चढताना?"

"उतरताना." हात कामात होता, जीभ हातामागून चालली होती. "गुळगुळीत असलं की खुर्ची सुटते. थांबायचं कुठे ते कळतच नाही माणसाला. एकदम खालीच..."

पट्टी अर्ध्या रेघेत थांबली.

मागून काही आवाज आला नाही. पाणी ओतल्याचा नाही, बांगडीचा नाही. त्याने हळूच मान वळवली. ती उताराकडे बघत नव्हती. उतार संपतो तिथे, फाटकाजवळ, वाट एकदम वळून रस्त्याला लागत होती; ती तिकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही वाट का सोडलीत?"

त्याने पट्टी पुन्हा रेघेवर टेकवली.

"सोडलीत की सोडायला लावली?"

"सिमेंट धरायला लागलंय," तो म्हणाला. "आत्ता नाही ओढल्या तर मग ओढता येणार नाहीत."

ती हाताचा टेकू घेऊन उठली, त्याच्याजवळ आली आणि तिने त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली. तो सरकला. ती फळीवर गुडघे टेकून बसली आणि जिथे त्याची रेघ थांबली होती तिथून तिने पुढे ओढली, खोल, काठापर्यंत. मग तिच्याखाली दुसरी. मग तिच्याखाली. पट्टीच्या धारेने तिची बोटे सोलवटली तरी ती थांबली नाही, आणि प्रत्येक रेघ झाली की तो तिच्या गुडघ्यांखालची फळी थोडी खाली सरकवत राहिला.