तेलाच्या डोक्यावरची हवा

सिल्वेस्टर गिरणीच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. तेव्हाच मला कळलं. तो माझ्या बायकोचा, थेरेसाचा भाऊ. प्लेगमुळे स्टेशनावर माणसं अडवत होते, म्हणून ठाण्याहून कल्याणपर्यंत चालत आला होता. "काल सकाळी," एवढंच म्हणाला. सोमवारी मी घरून निघालो तेव्हा ती धडधाकट होती. बुधवारी ताप आला, गुरुवारी गेली. माझ्या हातात इंजिनाचा कार्ब्युरेटर होता. त्याचं छिद्र मी तिसऱ्यांदा मोठं करत होतो.

गिरणी हरिहरपंतांची. त्यांचं विलायती इंजिन एक जातं फिरवायचं, दुसरं जोडलं की बंद पडायचं. इंजिनात हवा जोराने कोंबली तर ताकद वाढते, असं त्यांनी इंग्रजी मासिकात वाचलं होतं. मी ठाण्याचा लोहार. भट्टीला वारा घालणारा लोखंडी पंखा मी इंजिनाच्या पट्ट्यावर चढवला आणि त्याची हवा एका नळाने कार्ब्युरेटरमधून आत सोडली. कार्ब्युरेटर म्हणजे हवेत तेल मिसळणारं पितळी भांडं. त्याला तेलाची एक वाटी असते, ती वरच्या टाकीतून भरते आणि तिच्यातून बारीक छिद्रावाटे तेल हवेत उडतं. पंखा सुरू झाला की तेल यायचंच थांबे. छिद्र लहान पडतंय, असं मी धरून चाललो होतो.

त्याआधीच्या रविवारी तो कार्ब्युरेटर घरी चुलीजवळ उघडून बसलो होतो. थेरेसा डब्यातून दिव्यात रॉकेल ओतत होती. काय अडलंय ते तिने विचारलं, मी सांगितलं. ती हसली.

"मोठा मिस्त्री तू. रॉकेलच्या डब्याला वरतीपण भोक पाडतोस ना? एकाच भोकाने ओत बघू. तुझ्या पंख्याची हवा तेलाला खालून ढकलते. मग तीच हवा तेलाच्या डोक्यावर पण दे."

मी म्हणालो, हे इंजिन आहे, रॉकेलचा डबा नाही. ती म्हणाली, बरं, आणि दिव्याची काच पुसायला घेतली.

महिन्याने मी गिरणीत परत गेलो. हरिहरपंत पंखा उतरवायला निघाले होते. मी एक दिवस मागितला. मला इंजिनाचं काही नव्हतं. ती बरोबर होती का, तेवढं बघायचं होतं.

बारीक छिद्राची नवी तोटी बसवली. वाटीच्या झाकणाला तांब्याची नळी डाख देऊन जोडली आणि तिचं दुसरं टोक पंख्याच्या नळात सोडलं. इंजिन मिनिटभर असं चाललं की हरिहरपंत खुर्चीवरून उठले. मग बंद पडलं. वाटी कोरडी होती. वाटीत आता हवेचा जोर होता, त्यामुळे वरच्या टाकीतलं तेल तिच्यात उतरत नव्हतं. तिचंच म्हणणं पुन्हा लावलं. दुसरी नळी टाकीच्या झाकणाला जोडली.

मग दोन्ही जाती फिरली. मी लोखंडात जन्म काढला, पण असं पाहिलं नव्हतं. नळाला हात लावला तर वारा आतून धडका देत होता, आणि त्या वाऱ्यात तेल आपल्या वजनाने शांतपणे खाली येत होतं. वर तीच हवा, खाली तीच हवा. बाहेर पंखा चालला आहे, हे जणू तेलाला ठाऊकच नव्हतं. मी कितीतरी वेळ हात काढला नाही.

हरिहरपंतांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात सापडलं? मी तिचं नाव सांगितलं. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून गुडघ्यावर ठेवली आणि दोन्ही जात्यांतून पीठ पडताना बघत बसले.

एक गोष्ट राहिली. हवेच्या झडपेचा दांडा भांड्यातून बाहेर येतो, तिथून आता तेलाची वाफ निसटते. आगीचं भय, म्हणून इंजिन थोडाच वेळ चालवतात. दांड्याला चामड्याची घट्ट चकती हवी. आमच्या भट्टीच्या भात्याचं चामडं थेरेसाच कापायची. मी चार कापल्या, चारही वाकड्या झाल्या. चकती अजून बसवायची आहे.