केतकीच्या फोनची पडताळणी

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत निम्म्या घरांनी मागची खोली परस्पर भाड्याने दिलेली होती. कागदोपत्री अर्थात कुणाकडेच किरायेदार नव्हता, सगळ्यांचे भाचे-पुतणेच राहायला आलेले होते. दिनकर खांबेट्यांनी मात्र अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकही पुतण्या ठेवला नाही. नियमात बसत नाही, एवढंच कारण. प्रभाताई, त्यांची बायको, अधूनमधून म्हणायच्या, "नियम खाऊन कुणाचं पोट भरलंय का?" पण त्यांनीही पुढे नाद सोडला.

असा हा सरळ माणूस आयुष्यात एकदाच हावरा झाला. गुडगावच्या पलीकडे, मोहरीच्या शेतात टॉवर उभे राहणार होते, त्यात त्यांनी बँकेचं कर्ज काढून फ्लॅट बुक केला. बिल्डर पळाला, मोहरी राहिली. बँक कोर्टात गेली आणि १४ मार्च २००२ ला तडजोड झाली: साठ हप्ते, पगारातून थेट कापायचे, आणि फिटेपर्यंत कुठेही नवी उधारी करायची नाही. त्या दिवशी कोर्टातून ते बसने घरी आले, जेवले आणि झोपले. तेव्हापासून त्यांना फारसं काही वाटेनासं झालं. भाजी खारट झाली तरी खात. घरचा फोन बिल थकून कापला गेला तेव्हा त्यांनी ते डबडं पुसून, वायर गुंडाळून कपाटावर ठेवून दिलं.

दीड वर्ष असं गेलं आणि केतकीला गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. एकुलती एक मुलगी, बी.ए. झालेली, पगार सुरुवातीलाच बापाच्या हाती पडे त्याच्या दुप्पट. संध्याकाळी साडेपाचला कंपनीची गाडी घ्यायला येणार होती. अट एकच, ड्रायव्हरला आधी फोन करता यायला हवा.

"बाबा, सोमवारपर्यंत नंबर नाही दिला तर जॉब गेला, बिल्कुल गेला," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांकडे मोबाईल आहे यार."

मोबाईलचा हँडसेट रोख घ्यायला घरात पैसे नव्हते. पण मुनिरकाच्या बाजारात एक दुकान होतं. दोन वर्षांचा करार केला, दर महिन्याला बिल भरलं, की हँडसेट फुकट. दिनकरराव म्हणाले, "मी बघतो."

त्यांनी जे बघितलं ते एखादा अप्पर डिव्हिजन क्लार्कच बघू शकतो. फॉर्ममधला एकही रकाना मोकळा सोडला नाही. 'इतर माहिती' असा शेवटी एक रकाना होता, जो जगात कुणीही भरत नाही, तिथे त्यांनी कोर्टाच्या तडजोडीचा क्रमांक आणि तारीख लिहिली. सोबत हुकुमाची साक्षांकित प्रत, पगाराची स्लिप आणि 'सदर करार ही उधारी समजावी किंवा कसे' असं विचारणारं विनंतीपत्र. सगळं हिरव्या टॅगने बांधून दुकानात दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काउंटरवरच्या बाईने फाईल चाळली आणि कपाळाला हात लावला. "अंकल, ये किसने माँगा था आपसे? स्लिप दे देते, बस. अब तो रिजेक्ट ही होगा."

"जो है, वो लिखा," दिनकरराव म्हणाले.

तीन दिवसांनी नकार आला. केतकी त्यांच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना पुसटसं वाटलं आणि तेही लगेच विरलं. ती दुकानात स्वतः जाऊन आली. "माझ्या नावावर होतंय, ऑफर लेटरवर. शुक्रवारी दुपारी एक माणूस पत्ता बघायला येईल. तुम्ही ऑफिसमध्येच असाल ना?" तिने दोनदा विचारलं.

आता घराची तपासणी आणि घरातला कर्ता पुरुष गैरहजर, हे दिनकररावांच्या कुठल्या नियमात बसायचं? त्यांनी न सांगता अर्धी रजा टाकली. केतकी ट्रेनिंगला गेलेली होती. इस्त्रीचा शर्ट घालून, रेशनकार्ड आणि विजेचं बिल टेबलावर मांडून ते बसले.

माणूस आला. हेल्मेट काखेत, हातात कागदांचा गठ्ठा. खुर्चीत टेकता टेकता त्याने वाचायला सुरुवात केली.

"केतकी खांबेटे। पिता, स्वर्गीय दिनकर खांबेटे।" मग त्याने वर पाहिलं. "आप कौन हुए?"

दिनकरराव कागदाकडे बघत राहिले. अक्षर केतकीचं होतं, त्यांनीच पाटीवर गिरवून घेतलेलं. युक्ती काउंटरवरच्या बाईची असणार. बाप जिवंत म्हटला की त्याच पत्त्यावरची नामंजूर फाईल निघणार, मेलेल्याची कोण काढतो? डोकं बरोबर चालत होतं. छातीत मात्र काहीच झालं नाही, आणि काहीच होत नाही याचीच त्यांना भीती वाटली. एक शब्द बोलायचा अवकाश होता. खरं बोललं की नोकरी जाणार होती.

"किरायेदार," ते म्हणाले. "पीछे के कमरे में रहता हूँ। श्यामकांत।" श्यामकांत ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसत.

सरकारी क्वार्टरात किरायेदार, म्हणजे अगदी रोजचीच गोष्ट. त्या माणसाने मान वर न करता लिहून घेतलं. "बाहर प्लेट तो अभी लगी है उनकी।"

"उतारना रह गया।"

"कब गुज़रे?"

"चौदह मार्च, दो हज़ार दो," दिनकरराव म्हणाले. त्यांना आठवावंही लागलं नाही.

तेवढ्यात प्रभाताई पाणी घेऊन दारात आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. शेवटचे दोन सवाल त्यांनी ऐकले होते. माणसाने विचारलं, "माताजी?" आणि दिनकरराव म्हणाले, "मकान-मालकिन।" इतकी वर्षं दिल्लीत काढून प्रभाताईंनी इथल्या बायकांसारखा डोक्यावरून पदर कधी घेतला नव्हता. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पदर ओढून पार भुवयांपर्यंत आणला. मग त्या आत गेल्या.

दिनकररावांनी साक्षीदार म्हणून सही केली. श्यामकांतची सही त्यांना रोज बघून पाठ होती. खाली तारीख घातली.

माणूस गेल्यावर प्रभाताई बाहेर आल्या. पदर तसाच होता. "पोरीसाठी बोललात, ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "पण तारीख कुठली सांगितलीत?"

"कोर्टाची."

 त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." आणि डाळ निवडायला बसल्या. डाळ सकाळीच निवडून झालेली होती.

रविवारी हँडसेट आला. सोमवारी केतकी नवा ड्रेस इस्त्री करून अंघोळीला गेली आणि पाच पंचवीसला तो टेबलावर वाजायला लागला. प्रभाताईंना कुठलं बटण दाबायचं ते माहीत नव्हतं. दिनकररावांनी माहितीपत्रक वाचून ठेवलं होतं.

"केतकी मैडम का नंबर? गाड़ी पाँच मिनट में पहुँचेगी," ड्रायव्हर म्हणाला. "आप कौन बोल रहे हैं? पापा?"

केतकी ओले केस पंच्यात गुंडाळून बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने फोन घ्यायला हात पुढे केला. दिनकररावांनी तिच्याकडे पाहिलं. एकदा नोंद झाली की दुसऱ्या कागदावर तीच उतरायला हवी, हे ते अठ्ठावीस वर्षं पाळत आले होते.

"जी नहीं," ते फोनमध्ये म्हणाले. "मैं यहाँ का किरायेदार।"

केतकीचा हात तसाच राहिला. त्यांनी फोन त्यात ठेवला आणि खाली गाडी आली का ते बघायला बाल्कनीत गेले.