पाण्याची सावली

नाम्बाने पात्यावरचे फडके बाजूला केले, आणि मुनाकाताला सगळ्यात आधी आठवले ते हिरामात्सु बाईंचे पत्र. भाताची कापणी आटोपत आली होती तेव्हा ते आले होते. आता प्लमचा बहर ओसरला होता आणि पत्र अजून त्याच्या टेबलावर, जाड शब्दकोशाखाली पडून होते. अधूनमधून तो शब्दकोश उचलायचा, पत्र वाचायचा, पुन्हा शब्दकोश वर ठेवायचा.

पत्र लांबलचक नव्हते. वडिलांची तलवार मी शिकलगार नाम्बा यांच्याकडे नेऊन ठेवली आहे; ती खरी जुनी आहे की बनावट, आणि उजळून घेण्याच्या लायकीची आहे का, एवढे मास्तरांनी पाहून कळवावे. खाली, वेगळ्या शाईने, एकच जादा ओळ होती: माझ्या धाकट्या भावापेक्षा ती मोलाची होती का, हे मला मरायच्या आत कळायला हवे.

अशा ओळीला काय उत्तर द्यायचे? मुनाकाताने सगळे आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात काढले होते. प्रांतातल्या जुन्या तलवारींवर त्याने एक बारीकसे पुस्तक लिहिले होते आणि त्यात दोन ठिकाणी चूक आहे हे छापून आल्यावर त्याच्या लक्षात आले होते. दुसऱ्या कुणाच्या आले नव्हते, याचे त्याला जास्तच वाईट वाटायचे. तरी लोक त्याला मास्तर म्हणत आणि घरात सापडलेली पाती दाखवायला आणत.

"बघत काय बसलास? चावणार नाही ती," नाम्बा म्हणाला. "दात पडलेत तिचे. तुझ्यासारखेच."

"घासलीस?"

"तू आल्याशिवाय कशाला घासू? थंडी सुरू झाल्यापासून बोलावतोय तुला. नुसती खिडकी उघडलीय."

पाते सगळीकडे मळकट होते. फक्त मुठीजवळ बोटभर लांबीचा तुकडा नाम्बाने दगडावर घासून आरशासारखा केला होता. प्रत्येक उजळणीत पोलाद झिजते आणि झिजलेले परत येत नाही, म्हणून काम हाती घेण्याआधी शिकलगार अशी एक खिडकी उघडून आत काय आहे ते पाहून घेतो.

मुनाकाताने पाते दिव्याखाली तिरपे धरले. धारेलगतची पांढरी लहर झोपाळलेली होती. होती असे म्हणायचे, एवढेच. आणि जिथे धार सुरू होते तिथून एक फिकट पट्टा तिरका वर चढत गेला होता, काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले.

"पाण्याची सावली," नाम्बा म्हणाला. "आहे ना तुझ्या पुस्तकात? की तिथंपण गफलत आहे?"

"आहे. बरोबर आहे ते."

पाते एकदा आगीत मऊ पडले आणि कुणी ते पुन्हा तापवून पाणी पाजले, की बहुतेक वेळा ही सावली राहते. मुनाकाताने मूठ काढायला सांगितली. नाम्बाने बांबूची खीळ ठोकून बाहेर काढली. मुठीत दडलेल्या भागावर शेकडो वर्षांचा काळाभोर गंज असायला हवा होता. तिथे तपकिरी, तांबूस गंज होता, आणि त्याच्याखाली पोलादाची कातडी फोड येऊन गेल्यासारखी खडबडीत होती.

"हा गंज माझ्यापेक्षा लहान आहे," मुनाकाता म्हणाला.

"म्यानही नवं आहे, मूठही नवी. म्हणजे युद्धातली आग."

"तसं अगदी ठामपणे... कदाचित..."

"तुझं कदाचित घाल चुलीत. याकेमी आहे की नाही?"

याकेमी. आगीत सापडलेल्या पात्याला त्यांच्या धंद्यात हाच शब्द होता. लिहिला की त्याचा अर्थ नुसता समोर येऊन बसायचा: भाजलेले अंग.

"आहे," मुनाकाता म्हणाला.

"मग संपलं. घासण्यात अर्थ नाही. मेलेल्याला पावडर लावायची आणि..."

दार सरकले. हिरामात्सु बाई आत आल्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, ताठ, हातात रुमालात बांधलेला डबा. वसंतातल्या विषुवाचा आठवडा होता, थडग्यांवर जायचा. पितरांना दाखवायचे गोड भाताचे ओहागी त्यात असणार.

"उत्तर येईना, म्हणून मीच आले," त्या म्हणाल्या. "मास्तर, आमच्या गल्लीतलं टपाल बंद झालंय का हो?"

मुनाकाता उठून इतका वाकला की चष्मा नाकावरून घसरला.

"मी खात्री करून घेत होतो."

"घ्या ना. मला घाई होती, ती आता राहिली नाही." त्या बसल्या. नाम्बाने पुढे केलेला चहा त्यांनी दोन्ही हातांत धरला, प्यायल्या नाहीत. "परवा घरचं थडगं मोकळं करून टाकलं. मला मूलबाळ नाही, माझ्यामागे झाडलोट कोण करणार? आईला देवळातल्या कोनाड्यात ठेवलं, शेजारी माझी जागा घेतली. माझ्या भावाचा, अकिओचा, नुसता खडाच होता थडग्यात, हाडं सापडलीच नव्हती. तो खडा आईजवळ. आणि बाबांना सामाईक खड्ड्यात दिलं."

"सामाईक..."

"तिथं सगळ्यांची हाडं एकत्र ओततात. भटजी म्हणाले, ताई, विचार करा, मागून वेगळी काढता येणार नाहीत. म्हटलं, ओता. एका तलवारीपायी पोर सोडलेल्या माणसाला वेगळी जागा कशाला?"

नाम्बाने मुनाकाताकडे पाहिले. मुनाकाता चहाच्या पेल्याकडे पाहत होता.

"ताई," तो म्हणाला, "त्या रात्रीचं तुम्हाला आठवतं?"

"सात वर्षांची होते मी. न आठवायला काय झालं?" त्यांनी पेला खाली ठेवला. "विमानहल्ल्याचा भोंगा वाजला तसं आईने तीन वर्षांच्या अकिओला जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवलं आणि वर ओली गोधडी घातली. वस्तीच्या मंडळाने तसंच शिकवलेलं. सगळ्या बायका घोकायच्या: मूल खड्ड्यात, वर ओली गोधडी. मग आग पलीकडच्या गल्लीत आली, आणि आम्ही दोघी बाहेर. बाबा त्याला आणायला आत गेले. बाहेर आले ते कोटात काहीतरी लांब गुंडाळून, असं छातीशी धरून. आईने विचारलं, अकिओ? बाबा म्हणाले, तलवार आहे, पळ."

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच. आई मागे वळली, तर तिला खेचत नेलं. नदीवर पोहोचल्यावर आम्हाला पुलाखाली बसवलं आणि एकटेच ती घेऊन गेले. सकाळी रिकाम्या हाताने आले. म्हणाले, पुरून ठेवली, हरवायला नको. वर्षभराने परत आणली, अगदी नव्या म्यानात." त्या हसल्या. "आई त्यानंतर मरेपर्यंत त्यांना भात वाढायची, पण बोलली नाही. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. मी मात्र दिल्या. आणि बाबांचं वेड सांगू? दर जूनमध्ये, त्या रात्रीच्या तारखेला, नदीकाठी त्या जागी जाऊन बसायचे. तलवार घरी आणून ठेवल्यावरसुद्धा!"

बाहेरून मालमोटार गेली, कपाटातले घासायचे दगड किणकिणले. मुनाकाताने हात गुडघ्यांवर ठेवले, मग उचलून मांडीवर घेतले.

"तर सांगा आता. खरी आहे का ती?"

त्याने तोंड उघडले.

"लिहून कळवतो," मुनाकाता म्हणाला.

"तुम्ही?" बाई उठल्या. "बरं. मी वाचायला असले, तर वाचीन. डबा राहू द्या, उद्यापर्यंत टिकतील."

दार लागल्यावर नाम्बाने मूठ परत बसवली, तलवार म्यानात घातली आणि जाड कापडात गुंडाळली. कपाटात ठेवायला म्हणून त्याने ती दोन्ही हातांवर आडवी घेतली. मग तसाच उभा राहिला. त्याने एक टोक कोपरात घेतले, थोडे वर उचलले. तीन वर्षांचे पोर साधारण एवढेच असते. त्याने झटकन ती चटईवर ठेवली आणि हात विजारीला पुसले.

"ही घरात जळत होती," तो म्हणाला. "मग कोटात..."

"हो."

"खड्ड्यातच गेलेलं असणार पोर. धुराने. वर गोधडी घातलेली." नाम्बा खाली बसला. "आणि ठेवलं कुणी होतं?"

"आईनेच," मुनाकाता म्हणाला.

"बायकोला सांगितलं नाही त्याने. आपल्यावर घेतलं. नंतर राखेतून ही काढली आणि चोरून कुणा लोहाराकडून पाणी पाजून घेतलं. तलवार आहे म्हणाला होता ना, मग दाखवायला तलवार पाहिजे." त्याने डब्याकडे पाहिले. "तू थंडीत आला असतास, तर बापाची हाडं..."

"माहीत आहे."

"आता काय लिहिणार? बनावट म्हणालास तर बाप निर्दयी होता आणि वर मूर्खही. खरी म्हणालास तर नुसता निर्दयी. मास्तर, माझं ऐक. लिही, खरी आहे. तिने आयुष्यभर तेच धरून ठेवलंय. आता काढून घेऊन तिला काय देणार आहेस? सामाईक खड्ड्यातली हाडं?"

"मी खोटा निर्वाळा कधी दिला नाही."

"मोठा आलाय! निर्वाळाच कधी दिला नाहीस तू. तुझ्या पानापानावर बहुधा आणि संभवतः."

मुनाकाता चपला घालू लागला. एक चप्पल उलटी झाली होती. ती सरळ करायला त्याला फार वेळ लागला.

घरी येऊन त्याने तीन कागद फाडले. एकात पाण्याच्या सावलीचे सविस्तर वर्णन होते, ते वाचून त्याचे त्यालाच शरमल्यासारखे झाले. दुसऱ्यात उशिराबद्दल क्षमा मागितली होती, तीच पानभर. तिसऱ्यात कोटाबद्दल लिहायला घेतले, आणि पहिल्या वाक्यालाच लेखणी थांबली. कोटात काय होते ते त्याने पाहिले नव्हते. पाहिले होते ते पाते. शेवटी चौथ्या कागदावर त्याने लिहिले:

"तलवार जुनी आहे, खरी आहे. आगीत सापडून ती निर्जीव झालेली आहे. नंतर कुणीतरी तिला पुन्हा पाणी पाजले आहे. उजळून घेऊ नये. ही आग आपल्या घराची होती. त्या रात्री ही तलवार घराबाहेर आलेली नव्हती."

खाली नाव घातले आणि शिक्का मारला.

टपालपेटी तांदळाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर होती. मुनाकाताने पाकीट फटीत अर्धे सरकवले आणि धरून ठेवले. बाई ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच उघडतील असे त्याला वाटले. चष्मा शोधतील. शेवटचे वाक्य एकदा वाचतील, मग पुन्हा वाचतील, आणि मग कोणाला काय विचारतील? आईला? भटजींना? त्याने बोटे सोडली.

तो तिथेच उभा होता. लाल स्कूटरवरून टपालवाला आला, किल्ल्यांचा जुडगा काढला, आणि पेटीसमोरच्या म्हाताऱ्याला पाहून थांबला.

"काही चुकून पडलंय का आत, आजोबा? परत द्यायचं तर मोठ्या कचेरीत जाऊन अर्ज करावा लागतो."

"नाही. चुकून नाही."

"टाकून झालंय ना मग?"

"झालं."

"मग जरा सरका," टपालवाला म्हणाला आणि पेटीचे दार उघडून त्याने सगळे पोत्यात ओतले.