खांबांचा पूल

तांदळाच्या दाण्याएवढा तांबडा ठिपका – ओर्सेताने त्याला डोकं दिलं, काळी टोपी दिली, आणि पायरीवर एक माणूस उभा राहिला. इमारती बाबांच्या, माणसं तिची. आई गेल्यापासून असंच चाललं होतं. चित्रातलं शहर व्हेनिस होतं आणि नव्हतंही. घुमट खरा, शेजारची पडकी कमान रोमकडची, आणि कालव्यावर पांढऱ्या खांबांचा पूल, जो बाबांच्या डोक्याबाहेर कुठेच नव्हता. परदेशी गिऱ्हाइकांना असली मनची शहरं फार आवडत.

आज बोर्तोलोला उत्तर द्यायचं होतं. तो संध्याकाळी वेरोनाला परत निघणार. हो म्हणालीस तर ईस्टरनंतर लग्न, नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही, असं त्याने सरळ सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, बाबांचं जरा बघते... बघायचं काय? परवा त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली. मारतात म्हातारी माणसं.

"निळा संपलाय," तिचा बाप मोमोलो म्हणाला. "चल, रंगवाल्याकडे जाऊन येऊ. तुझ्या मुंग्या थांबतील तेवढ्या."

"मुंग्या नसत्या तर तुमचं शहर ओस पडलं असतं, बाबा."

"पडू दे की. भाडं मागायला तरी कोणी येणार नाही."

ठणठणीत आहेत, तिला वाटलं, आणि चालता चालता तिने मनातल्या मनात वेरोनाची पेटी भरायला घेतली – चादरी, आईची कर्णफुलं, लोकरी शाल. सान बार्नाबाच्या चौकातून मोमोलो डावीकडे वळला. ती बोळ सरळ पाण्यात उतरत होती.

"पूल कुठे गेला?"

"कुठला?"

"अगं, खांबांचा. नेहमीचा आपला."

ती त्यांच्या हसण्याची वाट बघत राहिली. ते हसले नाहीत. तिच्याकडे वळले तेव्हा चेहऱ्यावर भीती होती, आणि ती पाण्याची नव्हती. ही आता काय म्हणेल, याची होती. बाबा, तो तुम्ही रंगवलाय... एवढंच म्हणायचं होतं.

"दुरुस्तीला काढलाय," ती म्हणाली. "होडीने जाऊ."

"मग आधी नाही का सांगायचं? उगाच म्हाताऱ्याची पायपीट."

होडीत बसल्यावर गवंडी खांब कसे वाकडे बसवतात ते मोमोलो नावाड्याला समजावू लागला. नावाड्याने ओर्सेताकडे पाहिलं, तिने डोळ्यांनीच विनवलं. "लबाड असतात सगळे," तो म्हणाला, आणि मोमोलो खूश झाला.

तिला संताप आला होता – बाबांचा, बोर्तोलोचा, स्वतःचा. तिने वेरोनातलं घर डोळ्यांपुढे आणून पाहिलं. महिनाभर मनात लावलेलं ते घर येईना. येत होतं ते वेगळंच : उद्या बाबा विचारतील, पुलाचं काम कुठवर आलं, तर सांगायचं, दगड इस्त्रियाहून यायचाय, वारा पडलाय, गलबत अडकलंय; मग एक खांब तडकला म्हणायचं, म्हणजे उन्हाळा निघेल... एकातून एक सुचत होतं, बेमालूम, आणि त्यात आपल्याला मजा येतेय हे लक्षात आलं तेव्हा मात्र ती घाबरली.