मोडेमनं उचललेली लाइन

छापखान्यात त्याला सगळे पूर्णविराम म्हणत. पुस्तकांची पानं संगणकावर लावायचं काम त्याच्याकडे होतं, आणि एखादं टिंब इकडचं तिकडं झालेलं त्याच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून आपल्याला हे नाव पडलं असं तो समजायचा. खरं कारण निराळं होतं. समोरच्यानं वाक्य सुरू केलं की हा ते संपवून टाकायचा. कोणी "आज कागद..." एवढं म्हणायचा अवकाश, की "संपलाय, मागवलाय" हे उत्तर तयार. बहुतेक वेळा तो बरोबरच असायचा, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

दीड वर्षापूर्वी त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंड उघडलं की नुसता घोगरा आवाज. बोलणं शिकवायला एक बाई चार वेळा येऊन गेल्या. त्यांनी आईला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यानंच दिली, आणि पाचव्या वेळी आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. बाई यायच्या थांबल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी बायको घर सोडून गेली. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. आईकडे बघायला माणूस हवं, म्हणून यानं एका सकाळी तिच्या मुख्याध्यापिकेला परस्पर फोन करून सांगितलं की ती आता येणार नाही. बायकोला हे संध्याकाळी कळलं. ती भांडली नाही, रडली नाही. आठवड्याभरानं तो छापखान्यातून घरी आला तर तिचं कपाट रिकामं होतं, आणि ती दुसऱ्या गावी एका शाळेत रुजू झाल्याचं चार दिवसांनी समजलं. जाताना काय घडलं त्याला साक्षीदार एकच, आणि तिची वाचा गेलेली. आजारी सासूला टाकून गेली, असं यानं नातेवाइकांना सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला.

आईचं सकाळचं सगळं करायला एक मावशी यायच्या आणि दोन वाजता जायच्या. पुढे संध्याकाळी सातपर्यंत आई एकटी. बैठकीच्या खोलीतल्या फोनला जोडून त्यानं तिच्या उशाशी दुसरा फोन बसवून घेतला होता. तो छापखान्यातून साडेपाचला फोन करायचा आणि आई नखानं रिसीव्हरवर टिचकी मारायची. दोन टिचक्या म्हणजे ठीक आहे. एवढंच त्यांचं बोलणं.

हे किती दिवस चालायचं, म्हणून त्यानं मालकांकडे गोष्ट काढली. पानं घरी लावतो, फोनच्या लाइनवरून मेलनं पाठवतो. मालक म्हणाले, पाठवून दाखव, मग बोलू. त्यानं जुना संगणक घरी आणला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली होती, छापखान्यातली मशिनं दुरुस्त करणाऱ्या पोरगेल्या इंजिनिअरनं घालून दिलेलं, आणि ते झकास चालायचं. अडलं ते मोडेमपाशी.

मोडेम म्हणजे संगणकाला फोनवरून बोलायला लावणारं कार्ड. पण हे कार्ड स्वस्तातलं, म्हणजे अर्ध्या डोक्याचं. निम्मं काम कार्ड करणार आणि निम्मं काम सॉफ्टवेअरनं करायचं, आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं लिनक्सचा विचारच केलेला नव्हता. लिनक्सला कार्ड दिसायचं, पण त्याच्याशी काय बोलायचं ते ठाऊक नसायचं. इंजिनिअरनं कुठून कुठून ते बोलणं शिकवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, शोधून फ्लॉपीवर दिला आणि दोन पानभर सूचना हातानं लिहून दिल्या. तो ड्रायव्हर आपल्याच मशिनवर कंपाइल करायचा, म्हणजे मूळ कोडमधून तयार करून घ्यायचा होता. पूर्णविरामनं तीन रविवार त्यात घातले. एकदा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, फायली सापडेनात, एकदा आवृत्ती जुळेना, एकदा सगळं जुळलं आणि मशीन जागच्या जागी गोठलं. तो एकदाही चिडला नाही. शंभर ओळींची चूक पडद्यावर आली की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, बोट ठेवून, शांतपणे वाचायचा.

त्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली. सव्वादोनला किल्लीनं दार उघडून आत आला. आईच्या खोलीत डोकावला, तिचे डोळे मिटलेले होते. झोपमोड नको म्हणून त्यानं तिचं दार हळूच ओढून घेतलं आणि मागच्या खोलीत संगणकासमोर बसला. ड्रायव्हर या वेळी निमूट कंपाइल झाला. निमूट लोडही झाला. मधे केव्हातरी फोन अर्धाच वाजून थांबला. रॉंग नंबर असेल, असं मनाशी म्हणत त्यानं मोडेमला पहिली हाक दिली. एटी, म्हणजे 'लक्ष दे', आणि एंटर.

पडद्यावर उमटलं, ओके.

तो खुर्चीत मागे रेलला. इतक्या दिवसांनी त्या अर्ध्या डोक्याच्या कार्डानं ओ दिली होती. लगेच त्यानं नंबर लावायची आज्ञा दिली. थोड्या वेळानं उत्तर आलं, डायल टोन नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच. त्यानं वायर तपासली, भिंतीतलं सॉकेट हलवून बघितलं. घरातला दुसरा फोन कोणी उचलला आहे का, ही सगळ्यात सोपी गोष्ट त्याच्या मनाला शिवलीही नाही. घरात आईशिवाय कोणी नव्हतं, आणि आईला फोनवर कशाला काय बोलायचं असणार?

इंजिनिअरच्या कागदावर तळाशी लिहिलं होतं: टोन मिळत नसेल तर मोडेमला नुसती लाइन उचलायला लाव, स्पीकर मोठा कर आणि स्वतःच्या कानानं ऐक. त्यानं ती आज्ञा टाइप केली. कार्डावर टक्‌ असा आवाज झाला आणि बोराएवढ्या स्पीकरमधून खरखर यायला लागली. टोन नव्हताच. खरखरीमागे कोणीतरी श्वास घेत होतं.

"पु... पु..." आवाज म्हाताऱ्या बाईचा, जड जिभेचा.

"घाई नाही. शब्द कुठं पळून जात नाही," दुसरा आवाज म्हणाला.

"पुस्... तक."

"शाब्बास."

क्रॉस कनेक्शन, तो मनात म्हणाला. कुणाच्या तरी लाइनवर आपली लाइन पडली आहे. बंद करायला त्याचा हात पुढे गेलाही. तेवढ्यात दुसरा आवाज म्हणाला, "आवाज एकदम बारीक झाला का हो, आई?" आणि त्याचा हात हवेतच राहिला. तो आवाज त्याच्या बायकोचा होता. चौदा महिने ऐकला नव्हता तरी ओळखायला क्षणही लागला नाही. ओळख पटायला वेळ लागला तो पहिल्या आवाजाची. बायको जिला आई म्हणते अशी जगात एकच बाई होती, आणि ती भिंतीपलीकडे झोपलेली होती. आणि ती तर मुकी होती.

त्यानं हात मागे घेतला आणि कान स्पीकरजवळ नेला.

"हो. बा... रीक," आई म्हणाली.

"असू दे, मी मोठ्यानं बोलते. आज एक आख्खं वाक्य करू. सकाळी हे चहा घेऊन येतात, तेव्हा काय म्हणाल?"

बराच वेळ खरखर. त्याला वाटलं लाइन तुटली. मग शब्द आले, एकेक, विहिरीतून कळशी ओढल्यासारखे.

"थांब. मी... बो... बोलते. थांब."

मग बायको हळू म्हणाली, "हे वाक्य माझ्यावर कशाला खर्च करता, आई? त्यांना म्हणा. किती दिवस लपवायचं?"

"नाही."

"का पण?"

"तो... पुरं... करेल."

आणि त्या दोघी हसल्या. बायको आधी, मग आई. आईचं हसणं घोगरं, तुटक आणि अगदी मनापासूनचं होतं. झटका आल्यापासून त्यानं ते ऐकलं नव्हतं. आणि आता ऐकलं ते स्वतःवरच. दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकतोय हे कळत होतं. लाइन सोडायची आज्ञा चार अक्षरांची होती. ती टाइप करायला त्याला किती वेळ लागला ते त्याचं त्याला सांगता आलं नसतं. त्या वेळात आई चमचा म्हणाली, खिडकी म्हणाली, आणि 'दुखतंय' हा शब्द तीनदा चुकून चौथ्यांदा बरोबर म्हणाली. कुठं दुखतंय, असं बायकोनं विचारलं. आई म्हणाली, खांदा. तो रोज रात्री आईच्या गुडघ्यांना तेल चोळायचा. गुडघे दुखतात असं त्यानंच ठरवलं होतं.

शेवटी एंटर दाबलं. टक्‌. खोली एकदम शांत झाली.

आईच्या खोलीत रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा तो उठला. दार ढकललं. आई उशीला टेकून बसली होती, गालांवर थोडा रंग होता. त्याला बघून तिचा डावा हात फोनवरून झटक्यात बाजूला झाला, जशी चोरून खाताना सापडलेली पोर हात मागे घेते.

"मी ऐकलं, आई," तो म्हणाला. "चुकून ऐकलं. मग मुद्दाम ऐकलं."

आईनं तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द येईना. "तू कधीपासून... मला सांगायचं नव्हतं म्हणून... तुला भीती..." अशी तीन वाक्यं त्याच्या जिभेवर येऊन उभी राहिली आणि त्यातलं एक अर्धं बाहेर पडलंसुद्धा. आईनं डावा हात वर केला. वाहतूक थांबवणाऱ्या पोलिसासारखा, तळवा त्याच्याकडे करून. तो खाटेच्या कडेला बसला आणि मांडीखाली हात दाबून धरले, जणू ते हातच बोलणार होते.

आई बोलली. पहिल्यांदा काय बोलली तर, "खांदा." तो म्हणाला, "हो." मग पुष्कळ वेळानं, "रोज. तीन... वाजता. ती... करते. फोन."

रोज. म्हणजे साडेपाचला तो फोन करायचा आणि आई टिचक्या मारायची, त्याच्या अडीच तास आधी तीच आई याच फोनवर शब्दांशी झुंजत असायची.

"तुला सोडून गेली आणि वर फोन करते?" हे मात्र त्याच्या तोंडून निसटलंच.

आईनं मान हलवली. आधी नाही अशी, मग बराच वेळ नुसतीच. तिनं उशीखाली हात घातला, रिकामा बाहेर काढला, हवेत कागद धरल्यासारखी बोटं केली आणि ती दाराच्या दिशेनं ढकलली. त्याला कळेना. तिनं पुन्हा केलं. मग शब्द शोधायला लागली. तो शोध त्याला तिच्या कपाळावर दिसत होता, मानेच्या शिरांवर दिसत होता.

"पत्र. शाळेचं. ती... लपवून. इथं." उशी. "मी... दिलं. हातात. मी... पाठवली."

नेमणुकीचं पत्र. बायकोनं ते आईच्या उशीखाली ठेवून दिलं होतं, कदाचित फाडून टाकायचं मनात असेल, आणि या मुक्या, लुळ्या बाईनं डाव्या हातानं ते काढून तिला दाराबाहेर ढकललं होतं. चौदा महिने तो साऱ्या गणगोतात जे सांगत होता, त्याचं एकही अक्षर खरं नव्हतं.

"का?" त्यानं विचारलं. या वेळी पुढं काहीच जोडलं नाही.

आईनं त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, आणि म्हणूनच ते सोसवेना.

"दोघी..." ती म्हणाली. दम घेतला. "दोघी... कशाला... मुक्या?"

तो तिथेच जमिनीवर बसला. आई झोपेपर्यंत बसून राहिला. पाचच्या पुढे केव्हातरी उठून संगणकाशी गेला, कारण तसं मालकांना कबूल केलं होतं. लाइन मोकळी होती. डायल टोन आला, नंबर लागला, मोडेमनं किंचाळून घेतलं आणि पडद्यावर जोडणी झाल्याचं उमटलं. सोळा पानं बावीस मिनिटांत छापखान्यात पोचली. तीन रविवार ज्याची वाट बघितली ते झालं, आणि त्याला ते दुसऱ्याच कोणाचं काम असल्यासारखं वाटलं.

घरून काम सुरू झालं. तीनला तो लाइन सोडून द्यायचा आणि बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत चालून यायचा. आईचे शब्द वाढत गेले. एकदा तो आंघोळीला गेलेला असताना मालकांचा फोन आला, तो आईनं उचलला आणि "तो... ओला आहे. थांबा," असं सांगितलं. मालक इतके हबकले की खरोखरच दहा मिनिटं फोन धरून थांबले.

बायकोला त्यानं फोन केला तो आठ दिवसांनी. नातेवाइकांना मी खोटं सांगत होतो, असं म्हणाला. ती म्हणाली, मला आता कायम केलंय, मी नोकरी सोडणार नाही. तो म्हणाला, बरं. सुट्टीत आईंना भेटायला येईन, एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

ती आली आणि चार दिवस राहिली, आईच्या खोलीत झोपली. पाचव्या दिवशी तो तिला गाडीत बसवायला गेला. नातेवाइकांना खरं काय ते पत्रानं कळवलंय, हे त्यानं वाटेत सांगितलं. तिनं मान डोलावली. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. बॅग वर ठेवून झाल्यावर ती खिडकीशी आली, काहीतरी म्हणायला लागली आणि सवयीनं मधेच थांबली, कारण या जागी नेहमी त्याचा शब्द यायचा.

तो शब्द आला नाही. तिनं एकदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि मग पुढचं बोलायला लागली.