माझा नाही

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी राहेलच्या फोनची रेंज गेली. वेळ तिला नेमकी ठाऊक होती, कारण त्या वेळी ती शिरूरच्या कॉलेजात बारावीच्या मुलींचं प्रॅक्टिकल घेत होती आणि फोन समोरच्या टेबलावर घड्याळ म्हणून ठेवलेला होता. काड्या होत्या तिथे बारीक अक्षरं आली : सेवा उपलब्ध नाही.

तास संपल्यावर तिने फोन हातात घेतला. सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला बिघाडाची भीती वाटत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं, ही तिची पद्धत. तिने एअरप्लेन मोड लावला, काढला. फोन बंद करून चालू केला. गच्चीवर जाऊन आली. नेटवर्क हाताने शोधायला लावलं तेव्हा सगळ्या कंपन्यांची नावं आली, पण आपलं निवडलं की नोंदणी होत नव्हती. सिम काढून मऊ फडक्याने पुसलं, परत बसवलं. काही फरक नाही.

"मॅडम, जरा आपटून बघा," प्रयोगशाळेत बाटल्या आवरणारी अनिता म्हणाली. "आमच्या मालकांचा आपटल्याबिगर चालतच न्हाई."

"तुझं सिम दे दोन मिनिटं."

"घ्या. पन सासूचा फोन आला तर तुम्हीच बोला."

अनिताचं सिम राहेलच्या फोनमध्ये घालताच रेंज भरली. राहेलचं सिम अनिताच्या फोनमध्ये मेल्यासारखं पडून राहिलं. म्हणजे फोन चांगला, टॉवर चांगला. बिघाड सिममध्ये. नवं सिम घ्यायचं, नंबर तोच राहील, असं म्हणून राहेलने मस्टरवर सही केली आणि ती निघाली.

नंबर तोच राहायला हवा होता. चार महिने ती एका फोनची वाट पाहत होती आणि तो ह्याच नंबरावर येणार होता. दौंडला तिचा धाकटा भाऊ राहतो, इसहाक, रेल्वेत फिटर. आईवडील गेल्यावर तिचं म्हणावं असं माणूस तो एकच. एप्रिलमध्ये वडिलांच्या कबरीवर दगड बसवला, तेव्हा त्यावर जन्मसाल १९३८ च्या जागी १९८३ कोरलेलं निघालं. कागद इसहाकने लिहून दिला होता. तीस माणसांसमोर, पाळकांसमोर ती म्हणाली, "दगडावर बाबा तुझ्याहून लहान निघालेत. एक आकडा धड लिहून देता येत नाही तुला." लोक हसले. इसहाक हसला नाही आणि बोललाही नाही. तेव्हापासून त्याचा फोन नव्हता. तिनेही केला नव्हता. साल चुकलं होतं हे खरंच होतं, आणि खऱ्याबद्दल माफी कशी मागतात ते तिला येत नव्हतं.

एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरला हृतिक नावाचा, दाढी नीट कोरलेला तरुण होता. त्याने नंबर टाकला, स्क्रीन पाहिली, पुन्हा टाकला.

"मॅडम, हा नंबर तुमच्या नावावर न्हाईच."

"भावाच्या नावावर आहे. नऊ वर्षांपूर्वी घेतला तेव्हा मशीन माझा अंगठा घेईना. ॲसिड, अल्कली हाताळून रेषा पुसट झाल्यात. मग भावाने त्याचा दिला."

"इसहाक उजागरे?"

"हो. नवं सिम हवंय फक्त."

"सिम न्हाई मिळायचं." हृतिकने खुर्ची पुढे ओढली. "नंबरच बंद झालाय. ज्यांच्या नावावर हाय त्यांनीच कळवलंय, बारा तारखेला. आपल्या आधारवर किती नंबर चालू हायेत ते दाखवणारी सरकारी साइट हाय ना, तिथून. तुम्हाला पडताळणीचे मेसेज आले असतील की."

आले होते. दोन. असल्या मेसेजना उत्तर देऊ नका असं ती वर्गात सांगते. तिने ते फसवणुकीचे समजून पुसून टाकले होते.

"काय कळवलंय त्यांनी?"

"आता ते..."

"जरा वळवा स्क्रीन."

त्याने वळवली. तारीख, अर्जाचा क्रमांक, इसहाकचं पूर्ण नाव, आणि कारणाच्या रकान्यात तीन शब्द : माझा नंबर नाही.

राहेलने ते शब्द वाचले. मग क्रमांक वाचला, तारीख वाचली, आणि पुन्हा ते शब्द वाचले, जणू मधल्या वेळात ते बदलले असतील.  

"मॅडम, बसता का? पाणी देऊ?"

"त्यांनी स्वतःच टाकलंय? दुसऱ्या कुणाला टाकता येतं का?"

"न्हाई ना. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जातो." मग तिचा चेहरा पाहून तो म्हणाला, "फोन लावून विचारा की त्यांना. घ्या, माझ्या फोनवरून लावा."

"नको," ती म्हणाली. हा प्रश्न फोनवर विचारायचा नव्हता. उत्तर देताना त्याचा चेहरा दिसायला हवा होता.

न्हावरेमार्गे दौंडला जाणारी बस उभीच होती. ती चढली, खिडकीशी बसली. कंडक्टर आला.

"कुठं?"

"इसहाक."

"हे कुठं आलं, बाई? ह्या रूटला न्हाई."

"दौंड," ती म्हणाली आणि तिने पर्समधून पैसे काढले.

उसाच्या शेतांमधून बस चालली होती. ती मनात शक्यता तपासत होती, एकेक बाजूला काढत होती. चुकून झालं असेल? रकाना वाचल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही. विसरला असेल? स्वतःचा अंगठा देऊन घेतलेला नंबर माणूस विसरत नाही. उरत होतं ते एकच. तीस माणसांसमोर ती जे बोलली होती त्याचं उत्तर त्याने चार महिने विचार करून दिलं होतं, आणि तिच्यासारखंच अचूक, तीन शब्दांत दिलं होतं. भीमेचा पूल गेला तेव्हा पूल गेला हे तिला मागाहून कळलं.

दार इसहाकनेच उघडलं. बनियन, लुंगी, चष्मा कपाळावर. तिला पाहून तो मागे सरकला.

"ताई? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग अशी न सांगता? तोंड बघ आधी कसं झालंय. ये, आत ये."

ती आत गेली, पण बसली नाही. "माझा नंबर बंद झालाय. तू बंद केलास."

"मी?"

"बारा तारखेला तू सरकारला कळवलंस, हा नंबर माझा नाही म्हणून. मी वाचून आलेय, इसहाक. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण हे असं करायचं? माझा नाही?"

 इसहाक तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. तो खरोखरच हादरला होता.

"आईशप्पथ सांगतो ताई, मी कुनाला काय कळवलं न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारात त्याची मुलगी क्रिस्टीना उभी होती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती ती. एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात गाळणं होतं आणि त्यातून फरशीवर थेंब पडत होते.

"पप्पा," ती म्हणाली, "ते मी केलंय. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी कवा सांगितलं?"

"तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघत होतो ना आपण. कॉलेजात सांगितलं होतं, लोक दुसऱ्याच्या आधारवर सिम घेतात म्हणून. चार नंबर निघाले. मी एकेक विचारत होते. हा तुमचा का? तर तुम्ही म्हणाला, हो. हा मम्मीचा, हा माझा. चौथा विचारला तर तुम्ही काय म्हणालात?"

इसहाकने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "काय म्हनालो? माझा न्हाई, ताईचा हाय, म्हनालो."

"मग तिथं तसंच बटण होतं. माझा नंबर नाही. मी दाबलं."

"अगं, पन ताईचा हाय असं म्हनालो ना पुढं?"

"ताईचा असं बटणच नव्हतं! मला वाटलं, आत्याचा नंबर चुकून तुमच्या नावावर पडलाय. तुमचा नाही म्हटलं की ज्याचा त्याला जाईल." क्रिस्टीनाचे डोळे भरले. "ओटीपी तुम्हीच तर वाचून दाखवला, पप्पा."

 राहेल खुर्चीत बसली. बसमध्ये तिने सगळ्या शक्यता तपासल्या होत्या, आणि हा माणूस खरं बोलला असेल ही एकच शक्यता तिला सुचली नव्हती.

"आत्या, खरंच मला समजलं नाही," क्रिस्टीना म्हणाली. "नंबर पूर्ण दिसतही नव्हता. नुसते शेवटचे चार आकडे आणि आधी सगळ्या फुल्या."

"चारच?" राहेलने इसहाककडे पाहिलं. "चार आकड्यांवरून तू ओळखलास?"

"त्यात काय ओळखायचं?" इसहाक म्हणाला, आणि त्याने तिचा नंबर म्हणून दाखवला. दहाच्या दहा आकडे, न अडखळता, गाडीचा नंबर सांगतात तसे. "चार महिनं रोज तुला लावायला नंबर काढतोय आन् फोन परत ठेवतोय. पाठ व्हनारच की."

राहेलला दुकानात बसला होता त्याहून मोठा धक्का आत्ता बसला. 

"उद्या रविवार," इसहाक सांगत होता. "परवा सुट्टी टाकतो. दोघं जाऊ दुकानात, मी अंगठा देतो, मिळतोय का बघू तोच. न्हाई मिळाला तर नवा घेऊ." मग तो थांबला. "एक विचारू का, ताई? माझा सांग बरं तू. नंबर."

तिने तोंड उघडलं. पहिले दोन आकडे आले. अणुभार तिला तीन दशांश स्थळांपर्यंत पाठ होते. भावाचा नंबर तिच्या फोनमध्ये 'इसहाक' ह्या नावाखाली होता आणि त्या नावावर बोट ठेवलं की तो लागायचा. तिने तो कधी वाचलाच नव्हता.

"नव्वद, अठ्ठा..." क्रिस्टीना हळूच म्हणाली.

"तू गप. तिला सांगू दे."

राहेलने मान हलवली. "येत नाही मला."

"व्हय," इसहाक म्हणाला आणि क्रिस्टीनाच्या हातातून कप घेऊन त्याने तिच्यापुढे ठेवला. "ठावं हाय मला. च्या घे."